"सोडून दे" म्हटलं आणि त्याने बाण सोडला: तिरंदाजीला मराठी शब्द हवेत

वैशाली_म्हसरूळ

मागच्या रविवारी मैदानावर जे झालं ते आधी सांगते, मग प्रश्न विचारते.

कॉलेजात असताना मी तिरंदाजी करायचे. आता नाशिकला म्हसरूळकडे एका छोट्या मैदानावर रविवारी सकाळी मुलांना शिकवायला मदत करते. पंधरा-सोळा मुलं आहेत. निम्मी वसतिगृहात राहणारी, पेठ, हरसूल, सुरगाण्याकडची. त्या दिवशी तेरा वर्षांचा एक मुलगा ३० मीटरवर उभा होता. दोरी हनुवटीपर्यंत ओढून झाली, पण नेम काही स्थिर होईना. डावा खांदा वर चढला, धनुष्याचा हात थरथरायला लागला. अशा वेळी बाण सोडायचा नसतो. दोरी धरूनच हात हळूहळू पुढे न्यायचा, धनुष्य खाली घ्यायचं, श्वास घ्यायचा आणि नव्याने सुरुवात करायची. मी त्याच्या मागे उभी होते. घाबरू नये म्हणून हळू आवाजात म्हटलं, "राहू दे, सोडून दे."

त्याने सोडला.

बाण लक्ष्याच्या वरून गेला आणि मागच्या मातीच्या बांधात पिसांपर्यंत रुतला. पलीकडे कुणी नव्हतं, कुणाला काही झालं नाही. पोरगं वळून म्हणालं, "ताई, तुम्हीच सोड म्हणालात ना." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. "सोडून दे" म्हणजे नाद सोड हे मला ठाऊक, पण हातात ताणलेली दोरी असलेल्या मुलाला त्या दोन शब्दांतला पहिलाच ऐकू येणार.

इंग्रजीत याला 'लेट डाउन' म्हणतात, आणि जुनी मुलं तेच म्हणतात. नव्यांना ते कळत नाही. "मागे घे" म्हणून पाहिलं, तर मुलं दोरी आणखी मागे ओढतात. "उतरव" म्हटलं तर विचारतात, धनुष्याची दोरी काढून ठेवू का? कारण खेळ संपल्यावर दोरी उतरवतात, तोच शब्द. "सैल सोड" मध्ये पुन्हा सोड आहेच.

तर मला एक शब्द हवाय. लहान, एका दमात म्हणता येईल असा, आणि ज्याचा दुसरा अर्थ त्या क्षणी घात करणार नाही असा. शिवाय बाकीच्या सामानाला आणि क्रियांना तुम्ही काय म्हणता, कुठे काय ऐकलंय, तेही सांगा. मुलांसाठी भिंतीवर एक तक्ता करायचाय.

---

निफाडकर

रुमाल टाकून ठेवतो. द्राक्षांची छाटणी चालू आहे, रात्री सविस्तर लिहितो.

---

मृण्मयी

वाचूनच पोटात गोळा आला. कुणाला लागलं नाही हे वाचलं तेव्हा श्वास सोडला. (बघा, इथेही 'सोडला'च!)

---

गोदाकाठ

वैशालीताई, शब्दांसाठी फार लांब जायला नको. पंचवटीत ज्या घरात संध्याकाळी रामरक्षा म्हणतात त्या घरातल्या पोराला तिरंदाजीचे चार शब्द पाठ असतात, फक्त त्याला ते माहीत नसतं.

आत्तसज्जधनुषाविषुस्पृशावक्षयाशुगनिषङ्गसङ्गिनौ. आपण लहानपणी ही ओळ एका श्वासात घरंगळत म्हणायचो. फोडून बघा. धनुष आहेच. इषु म्हणजे बाण. आशुग म्हणजेही बाण, वेगाने जाणारा. निषंग म्हणजे भाता. आणि सज्ज! सज्ज म्हणजे ज्यासहित. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. दोरी चढवलेलं धनुष्य ते सज्ज. आज आपण "स्वयंपाकघर सज्ज" म्हणतो, "निवडणुकीसाठी प्रशासन सज्ज" म्हणतो, त्या शब्दाच्या मुळाशी चढवलेली दोरी आहे.

अमरकोशात तर प्रत्येक भागाला नाव आहे. धनुष्य मधे जिथे मुठीत धरतात ते लस्तक. त्याचं टोक, जिथे दोरी अडकते, ती अटनी. सुटलेल्या दोरीचा फटका बसू नये म्हणून डाव्या हाताला बांधतात ती गोधा. गोधा म्हणजे घोरपडही, त्यावरून ते कसलं कातडं असेल याचा अंदाज येतो. पाय कसे ठेवून उभं राहायचं त्यालाही नावं आहेत, आलीढ, प्रत्यालीढ अशी. आणि मला सर्वांत आवडतो तो शब्द: बाणाच्या सरावाला अमरकोशात 'उपासन' म्हटलंय. देवापुढे बसून करतो ती उपासना आणि लक्ष्यापुढे उभं राहून करतो तो सराव, दोन्हींना एकच शब्द.

हे शब्द मुलांना द्या. कठीण वाटले तरी मुलं ते पेलतात.

---

अंबडचा_फिटर

गोदाकाठ काका, 'सज्ज'चं माहीत नव्हतं. उद्या कंपनीत चार जणांना सांगणार.

---

निफाडकर

आलो.

गोदाकाठ, माहिती उत्तम, पण तक्त्याबाबत माझं मत वेगळं आहे. मैदानावर "तुझी लस्तकावरची पकड घट्ट आहे" असं कुणी म्हणणार नाही. मूठ म्हणेल. मूठ हा शब्द नांगराला आहे, तलवारीला आहे, धनुष्यालाही चालतो. तसंच गोधाऐवजी हातपट्टा. कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

खेळाचे शब्द कोशातून येत नाहीत, खेळणाऱ्यांच्या तोंडातून येतात. विटीदांडूत आपण वकट, लेंड, मूंड म्हणायचो. तेलुगूतली मोजणी आहे ती, ओकटी, रेंडू, मूडू. निफाडच्या पोराला तेलुगू कुठे येत होतं? पण शब्द हाताच्या हालचालीशी असे चिकटले की पिढ्यान् पिढ्या टिकले. कुणी ते शुद्ध करायला गेलं नाही.

क्रिकेटमध्ये पण बघा. बाळ ज. पंडितांचं आकाशवाणीवरचं मराठी समालोचन ऐकत आमच्या वडिलांची पिढी वाढली. यष्टिरक्षक, पायचीत, त्रिफळाचीत हे टिकले, कारण ते रोज कानावर पडले. आणि 'गोलंदाज' तर मुळात तोफेवरचा माणूस, तोफगोळा टाकणारा. फारसीतला 'अंदाज' म्हणजे फेकणारा. तीर फेकणारा तो तिरंदाज. म्हणजे तिरंदाज आणि गोलंदाज सख्खे भाऊ. फलंदाज मागाहून त्यांच्याच चालीवर आला.

---

कळवणची_सून

मला नेहमी एक गंमत वाटते. तीर म्हणजे बाण आणि तीर म्हणजे नदीचा काठ. आमच्या सासूबाई "गोदातीरी तिरंदाजी" असं बातमीत वाचून म्हणाल्या, एकदा तरी तीर गोदेत पडणारच.

---

पेठ_मास्तर

मी पेठ तालुक्यात शिक्षक आहे, म्हणून थोडं लिहितो.

वैशालीताई, तुमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी काहींच्या घरी धनुष्य पाहिलेलं असतं. आमच्या भागात 'तीरकमठा' किंवा 'कामठी' म्हणतात. बांबूची पट्टी म्हणजे कामटी, त्याच्याशी त्या शब्दाचं नातं लावायला वेगळा कोश लागत नाही. दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची असते, सुताची नव्हे. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांनी मला ती करून दाखवली होती. हिरव्या बांबूची साल कोयत्याने काढली, आतला गर खरवडून काढला, पट्टी ओठांतून ओढून कुठे चरे राहिलेत का ते पाहिलं. हाताला न लागणारा चरा ओठाला लागतो म्हणाले. मग दोन्ही टोकांना खाचा. ते एकाही भागाचं नाव घेत नव्हते, पण विचारलं की लगेच सांगायचे. बाणाच्या मागच्या फटीला 'खाच', पिसांना 'पीस', लोखंडी टोकाला 'भाल'.

मग तोच मुलगा शहरात येतो आणि त्याला सांगतात, हा नॉक, हे फ्लेचिंग, हा पॉइंट. त्याला वाटतं ही वेगळीच विद्या आहे आणि आपल्याला यातलं काही येत नाही. वास्तविक वर्गात सर्वांत जास्त त्यालाच येत असतं. मागच्या वर्षी एका मुलाने मला विचारलं होतं, "सर, नॉक म्हंजे खाचच ना? मग तसं का नाय सांगत?" मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही.

तक्ता कराल तर खाच, पीस, दोरी, मूठ हे नक्की घ्या. गोदाकाठ काकांच्या शब्दांशी माझं भांडण नाही, ते मोठ्या मुलांना गोष्टीसारखे सांगा. पण पहिल्या दिवशी मुलाला त्याच्या घरचा शब्द ऐकू आला पाहिजे.

---

मृण्मयी

+१. शेवटचं वाक्य फार पटलं, सर.

---

अंबडचा_फिटर

एका शब्दाबद्दल मलाही बोलायचंय. 'स्पाइन'.

माझा पुतण्या खेळतो. एकदा बाण विकत घ्यायचे होते, डब्यावर लिहिलं होतं स्पाइन ५००, शेजारच्या डब्यावर ६००. दुकानदार म्हणाला स्पाइन म्हणजे बाणाचा कणा, ६०० चा कणा जास्त मजबूत. पुतण्याने ६०० घेतले. सगळे बाण एका बाजूला जायला लागले. पोराला वाटलं आपलाच हात बिघडला, दोन आठवडे रडकुंडीला आला होता.

मग मी वाचून काढलं आणि कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मोजून बघितलं. बाणाची दांडी २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायची, बरोबर मधे ८८० ग्रॅम वजन टांगायचं, आणि दांडी मधे किती खाली वाकली ते बघायचं. अर्धा इंच वाकली तर ५००. म्हणजे आकडा इंचाच्या हजाराव्या भागात आहे. टेकू म्हणून व्ही-ब्लॉक दोन लावले, सपाट सरफेस प्लेटवर उंची मोजायचं हाइट गेज ठेवलं. ५०० लिहिलेली दांडी १२.६ मिलिमीटर वाकली. अर्धा इंच म्हणजे १२.७. एक दशांशाचा फरक, वा म्हटलं! ६०० वाली पंधराच्या वर गेली.

म्हणजे आकडा मोठा तर बाण नरम. 'कणा' या शब्दाने अर्थ बरोबर उलटा होतो. आपण म्हणतो कणा ताठ, कणा मजबूत, मग ६०० चा कणा ५०० पेक्षा मजबूत असंच कुणालाही वाटणार. म्हणून माझी सूचना: 'बाक' म्हणा. बाक ५००, बाक ६००. जास्त आकडा, जास्त बाक. शब्द आणि आकडा एकाच दिशेला जातात, पोराला पाठ करावं लागत नाही.

आणि बाण वाकतो म्हणजे खराब असंही नाही. सुटताना तो लाटेसारखा हलतो, धनुष्याला वळसा घालून मग सरळ होतो. सावकाश चित्रणात पाहिलं तर मासा पोहतोय असं वाटतं. धनुष्याच्या ताकदीला जुळेल इतकाच बाक हवा, एवढंच.

---

वैशाली_म्हसरूळ

@अंबडचा_फिटर, दादा, बाक घेतला! तक्त्यावर पहिला शब्द हाच लिहिते. त्या मोजमापाचा फोटो असेल तर टाका ना, मुलांना दाखवेन.

@पेठ_मास्तर, सर, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. ज्याने बाण सोडला तो मुलगा हरसूलकडचाच आहे.

---

सातपूर_नितीन

लिंबाचं काय करताय मग? धनुष्याच्या वरच्या-खालच्या पात्यांना इंग्रजीत लिंब म्हणतात ना. माझा भाचा घरी येऊन म्हणाला, "आजी, माझ्या लिंबाला तडा गेला." आजी म्हणाली, "मग दुसरं आण, फ्रिजमध्ये आहेत चार."

---

निफाडकर

पाती म्हणा. गवताचं पातं, करवतीचं पातं, पंख्याचं पातं. वरचं पातं, खालचं पातं. झालं.

---

येवलेकर

पतंगवाल्यांचं पण ऐका. येवल्यात संक्रांतीला आम्ही पतंगाच्या वाकवलेल्या काडीला 'कमान' म्हणतो. फारसीत कमान म्हणजे धनुष्यच. उभी काडी सरळ, आडवी कमान. ती किती ताणायची यावर पतंग डोलणार की नाही ते ठरतं. लहानपणी आम्ही कमानीचा जोर ओठांनी तपासायचो, पेठ_मास्तरांच्या त्या आजोबांसारखंच. वाचून एकदम ते आठवलं.

---

तिरंदाजाची_आई

मी थोडा विरोधी सूर लावते, राग मानू नका.

माझी मुलगी पाच वर्षं खेळतेय, आता कंपाउंड धनुष्यावर आहे, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या. राज्य स्पर्धेपर्यंत मराठीवर भागतं. पुढे राष्ट्रीय स्पर्धेला पंच हिंदी-इंग्रजी बोलतात, शेजारी मणिपूरची मुलगी, पलीकडे हरियाणाची. तिथे रायझर, क्लिकर, प्लंजर, स्टॅबिलायझर हेच चालतं. सुटा भाग मागवायचा तर त्याच नावाने मागवावा लागतो. २०२३ मध्ये बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची आदिती स्वामी दोघं जगज्जेते झाले. ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले. आमच्या घरी तो सामना बघताना सगळे उभे होते! त्या मुलांना त्या उंचीवर जायचं तर हे शब्द लागतातच. उद्या तुमच्या मैदानावरच्या मुलाला "नॉक दाखव" म्हटल्यावर तो गोंधळला तर?

पण 'लेट डाउन'बाबत मी वैशालीताईंशी पूर्ण सहमत. तो सामानाचा शब्द नाही, हुकूम आहे. हुकूम मातृभाषेत हवा, कारण तो कानातून थेट हातात जातो. कंपाउंडमध्ये तर हे आणखी नाजूक. ओढताना ५० पाउंड जोर लागला तरी चाकं फिरली की शेवटी हातावर दहा-पंधराच राहतात. परत पुढे नेताना तो जोर एकदम परत येतो आणि धनुष्य हात खेचून नेतं. मुलीच्या हाताला पहिल्यांदा असा हिसका बसला तेव्हा ती रडली होती. तेव्हा जे काही ओरडाल ते एकदम स्पष्ट पाहिजे.

थोडक्यात, वस्तूंची नावं दोन्ही ठेवा, हुकूम मराठीच.

---

पेठ_मास्तर

ताई, राग कसला. "वस्तूंची नावं दोन्ही" हे मला मान्य. आधी खाच, मग नॉक. क्रम तेवढा सांभाळा.

---

शिरीष_आडगाव

सामानाचं बाजूला ठेवून एक विचारू? एकलव्याने अंगठा दिला, मग हल्ली अंगठा न वापरताच कसा मारतात?

---

तिरंदाजाची_आई

रिकर्व्हला, म्हणजे चाकं नसलेल्या, टोकं पुढे वळलेल्या धनुष्याला, दोरी तीन बोटांनी ओढतात. तर्जनी बाणाच्या वर, मधलं आणि अनामिका खाली. अंगठा तळहाताकडे दुमडलेला. बोटांना चामड्याचा तुकडा असतो, त्याला टॅब म्हणतात. कंपाउंडला तर बोटंही नाहीत, खटक्याचं यंत्र असतं.

---

गोदाकाठ

आणि अंगठ्याने ओढायची पद्धत मध्य आशियात, तुर्कस्तानात, इराणात होती. अंगठ्याला कडं घालायचे. फारसीत त्या कड्याला झिहगीर म्हणत, झिह म्हणजे दोरी. आपला शिंपी बोटात घालतो ते अंगुस्तान, तेही फारसीच. वैशालीताई, टॅबला अंगुस्तान म्हटलंत तर मेन रोडवरच्या कुठल्याही शिंप्याला कळेल काय हवंय ते. संस्कृतात अंगुलित्राण आहे, पण निफाडकर मला पुन्हा रागावतील.

---

निफाडकर

रागावत नाही काका. अंगुस्तान झकास आहे, माझं मत त्यालाच.

---

गणिताची_मॅडम

गोदाकाठ यांनी 'ज्या' म्हटलं म्हणून माझा विषय निघाला.

वर्तुळ काढा, त्याचा एक तुकडा घ्या. तो वाकलेला भाग म्हणजे चाप, धनुष्य. दोन टोकं जोडणारी रेघ म्हणजे ज्या, दोरी. आणि दोरीच्या मध्यापासून चापापर्यंत जाते ती छोटी रेघ म्हणजे शर, बाण. आपल्या जुन्या गणितात हीच नावं आहेत. आठवीच्या पुस्तकात आपण 'जीवा' शिकलो ती हीच दोरी. त्रिज्या म्हणजे तीन राशींची ज्या, तीन राशी म्हणजे ९० अंश. आर्यभटाने ज्यांचं कोष्टक दिलं. तो शब्द अरबीत गेला, तिथे वाचताना बदलला, लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर झालं आणि साइन म्हणून आपल्याकडे परत आला. बारावीच्या मुलांना मी फळ्यावर धनुष्य काढूनच साइन शिकवते. एकदा दोरी दिसली की मुलं सूत्र विसरत नाहीत.

वैशालीताई, तुमच्या मुलांपैकी कुणी दहावीत असेल तर हे जरूर सांगा. मैदान आणि वर्ग जोडले जातात.

---

मृण्मयी

हे कुणी शाळेत असताना का नाही सांगितलं!

अवांतर: 'पुंखानुपुंख चौकशी' म्हणतो तो पुंख म्हणजे बाणाचा पिसांचा भाग ना? एका बाणाच्या पिसांमागे दुसऱ्याचं टोक, असे लागोपाठ बाण?

---

गोदाकाठ

बरोबर.

---

सातपूर_नितीन

एक शब्द मी सुचवतो, गमतीचा नाही. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नसते, त्याला इंग्रजीत 'ड्राय फायर' म्हणतात. माझ्या मोठ्या भावाच्या मित्राने आमच्या गच्चीवर तेच केलं. नुसती बघायला म्हणून ओढली आणि सोडली. पातं उभं चिरलं आणि एक चिरफळी त्याच्या गालाला लागली. डोळ्याच्या दोन बोटं खाली. पाच टाके पडले. बाण असता तर सगळा जोर बाण घेऊन गेला असता. बाण नाही म्हणून तो जोर पात्यात परत शिरला.

आम्ही घरी त्याला 'कोरी सोड' म्हणतो. "कोरी सोड करायची नाही." तक्त्यावर लाल अक्षरात लिहा ताई.

---

वैशाली_म्हसरूळ

नितीनदादा, 'कोरी सोड' तक्त्यावर सर्वांत वर जाणार. आमच्याकडे नवीन मुलं धनुष्य हातात आलं की पहिलं तेच करायला जातात.

सगळ्यांचे आभार, पण माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. दोरी ओढलेल्या मुलाला काय म्हणायचं?

---

शिरीष_आडगाव

शिटी वाजवा. स्पर्धेत शिटीवरच चालतं ना?

---

तिरंदाजाची_आई

शिट्या सगळ्या रांगेसाठी असतात. दोन वाजल्या की रेषेवर या, एक वाजली की सुरू, तीन वाजल्या की बाण आणायला जा. पाच किंवा जास्त म्हणजे धोका, सगळ्यांनी थांबा. एकट्या मुलासाठी शिटी वाजवली तर शेजारचा दचकून सोडेल.

---

गोदाकाठ

काल रात्री झोप येईना तेव्हा आठवलं, आणि इतका वेळ का आठवलं नाही याचं नवल वाटलं.

शाकुंतलाचा पहिला अंक. दुष्यंत रथातून हरणामागे आलेला, बाण जोडलेला, दोरी ओढलेली. मधे तपस्वी येतात आणि हात वर करून म्हणतात, "तत्साधुकृतसन्धानं प्रतिसंहर सायकम्." छान जोडलेला तो बाण मागे घे. तुमचा लेट डाउन तो हाच! आणि राजा घेतो मागे. ओढलेला बाण न सोडता परत घेणं ही राजालाही शोभणारी गोष्ट आहे, हे मुलांना सांगा. आमच्याकडे मुलांना वाटतं की ओढला आणि सोडला नाही म्हणजे हरलो.

महाभारतातही तेच. अर्जुनाला ब्रह्मास्त्र परत घेता येतं, अश्वत्थाम्याला येत नाही. तिथला शब्द आहे संहार, उपसंहार. आज आपण निबंधाच्या शेवटी उपसंहार लिहितो.

आता 'प्रतिसंहर' मैदानावर ओरडता येणार नाही हे मलाही कळतं. पण त्याचं मराठी काय? माझ्या मते 'आवर'. बाण आवर.

---

निफाडकर

काका! आवर! तीनच अक्षरं, आणि 'सोड' कुठेच नाही.

---

कळवणची_सून

थांबा हं. आमच्या घरी सकाळी सात वाजता "आवर लवकर, आवर!" असा धोशा चालू असतो. म्हणजे घाई कर. पोराने ते ऐकून घाईघाईने सोडला तर?

---

मृण्मयी

हो की. माझ्या आईने आयुष्यभर "आवर" म्हणून घाईच केलीय.

---

पेठ_मास्तर

शहरातल्या मुलांचं सांगता येत नाही. पण आमच्याकडे 'आवर' हा आधी बैलाचा शब्द आहे. बैल उधळला की "आवर, आवर" म्हणतात. म्हणजे कासरा ओढून धर, हळूहळू थांबव. हातात ताणलेली दोरी आणि कानावर "आवर", याचा अर्थ त्या मुलांच्या अंगातच असणार. कासरा एकदम सोडला तर बैल जातो, हे त्यांना सांगावं लागत नाही.

ताई, करून बघा. पण धनुष्य बाण न लावता ओढायला लावू नका, चुकून सुटली तर कोरी सोड होईल. आधी हलक्या रबराच्या पट्टीवर करा.

---

वैशाली_म्हसरूळ

तीन रविवार झाले, म्हणून लिहिते.

पहिल्या रविवारी मास्तरांनी सांगितलं तसं रबराच्या पट्टीवर केलं. मुलांना रांगेत उभं केलं, ओढायला लावलं आणि मी कुठल्याही क्षणी "सोड" किंवा "आवर" म्हणायचे. पंधरापैकी दोन मुली "आवर"ला गोंधळल्या, दोघी नाशिकरोडच्या. कळवणच्या वहिनींचं म्हणणं खरं निघालं. मग बैलाचं सांगितलं, तेवढ्याने त्यांचंही जमलं. दुसऱ्या रविवारी खऱ्या धनुष्यावर. कुणीही चुकून सोडला नाही.

तक्ता झालाय. दोरी, मूठ, पातं, खाच, पीस, बाक, हातपट्टा, अंगुस्तान, वर लाल अक्षरात कोरी सोड, आणि प्रत्येकापुढे इंग्रजी नाव देवनागरीत. हनुवटीला हात टेकतो त्या जागेला, इंग्रजीतल्या 'अँकर'ला, आम्ही 'टेक' केलंय. नुसतं भाषांतर केलं असतं तर अँकरचा नांगर झाला असता. 'आकर्ण'ही कुणी सुचवलं होतं, पण आमचा हात कानापर्यंत जात नाही, हनुवटीखाली थांबतो. क्लिकरला मात्र आम्ही काही शब्द दिला नाही, तो मुलांनीच दिला. ती पत्र्याची पातळ पट्टी बाणावरून घसरून धनुष्यावर आपटते तो आवाज, म्हणजे पुरेसं ओढलं गेलं. सातवीतली एक मुलगी परवा म्हणाली, "ताई, माझी टिकली वाजलीच नाही." दिवाळीतल्या बंदुकीची टिकली. आता सगळे टिकलीच म्हणतात, मैदानावरचे सरसुद्धा.

आणि तो हरसूलचा मुलगा. काल ३० मीटरवर त्याचा चौथा बाण होता, गार वारा सुटला होता, मी त्याच्यापासून बरीच लांब, दुसऱ्या टोकाला. दोरी हनुवटीला टेकली, टिकली वाजायची होती, आणि त्याचा खांदा पुन्हा वर आला. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याचा उजवा हात हळूहळू पुढे गेला, धनुष्य खाली आलं. माझ्याकडे न बघताच म्हणाला,

"आवरला, ताई."